दुपारी अडीचचं रात्रीचं जेवण

ओरोस
सोमवार, २ डिसेंबर २०२४

ती. आक्कास सा. न.

आज सकाळी साडेसहाला उठलो. चहा केला. दहाच्या सुमारास बँकेत जाऊन आलो. साडेअकराला स्टँडवर शिवा कंडक्टरकडून तुझा डबा घेतला. माशांचं तिखलं थोडं सांडलं होतं, पण तुझं पत्र वरच्या कप्प्यात असल्यामुळे वाचलं. दुपारी विश्वेश आला. आम्ही जेवलो. संध्याकाळी झाडांना पाणी घातलं. रात्री विश्वेश आला. आम्ही जेवलो.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलायला सुचत नाही, त्यामुळे आपलं हे डब्यातलं टपाल बरं चाललं आहे. पण एक गोष्ट गेले तीन सोमवार लिहायची राहत होती.

मी १२ जानेवारीला पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरी जातो आहे. नऊ-दहा दिवस. तिकिटं अनुजानेच काढलेली आहेत. ती गेली त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, शाळेतून आल्यावर कॉम्प्युटरवर बसून काढली. भर थंडीत तिकडे कोणी फिरायला जात नाही म्हणून विमान आणि खोली दोन्ही स्वस्तात मिळाली. रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. व्हिसा आला आहे.

एवढंच. रिकामा डबा पाठवत आहे.

तुझा,
गुरुप्रसाद


कुणकेश्वर
९ डिसेंबर

चि. गुरू यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मी ते सुनेला, पूजाला, दोनदा वाचायला लावले, कारण मला वाटले माझाच चष्मा बिघडला. झाडांना पाणी घातले, विश्वेश आला, परदेशी जातो, एवढंच. एवढंच म्हणजे काय रे?

शुद्ध लिहायचे ठरवून बसले होते, पण आता ता जमाचा नाय.

मेल्या, थंय तुका वाढतलो कोण? तुझ्यासमोर बसतलो कोण? दहाव्याचो दिवस इसारलंस? पाऊण तास झालो तरी कावळो पिंडाक शिवत नव्हतो. भटजी घड्याळाकडे बघूक लागले. कोण म्हणता आंब्याच्या कलमांची काळजी घेऊ, कोण म्हणता शाळेत तिच्या नावान बक्षीस देऊ. कावळो आपलो माडावर. शेवटी मी पुढे झालंय आणि सगळ्यांच्या देखत सांगलंय, "अनुजा, तुझ्या घोवाक मी एक घासय एकट्यान जेवूक द्यायचंय नाय." आणि कावळो इलो.

तुका मूलबाळ नाय. माझो शब्द गेलो म्हणजे तिका दिलेलो शब्द गेलो. म्हणान तर तुझ्या शेजारच्या विश्वेशाक दोन्ही वेळ तुझ्यासमोर बसाक सांगलंय. बिचारो नऊ महिने एक दिवस चुकलो नाय.

अनुजाचा तिकीट आसा मां? मगे विश्वेशाक घेऊन जा. मी तेका चिठ्ठी धाडलंय.

तुझी आक्का


ओरोस
१६ डिसेंबर

ती. आक्कास सा. न.

डबा मिळाला. कोलंबीचं सुकं चांगलं होतं.

तुझी चिठ्ठी विश्वेशला मिळाली. विमानाच्या तिकिटावरचं नाव बदलता येत नाही, हे मी त्याला सांगेपर्यंत तो कुडाळच्या बाजारातून माकडटोपी घेऊन आला होता. सवय व्हावी म्हणून ती घालूनच जेवायला बसतो. "गुरू, माझा जावचा रद्द झाला तरी कायएक हरकत नाय," असं म्हणाला. पण टोपी काढली नाही.

विश्वेशबद्दल एक लिहितो. तो घरी जेवून येतो आणि इथे पुन्हा जेवतो. त्याचं वजन नऊ किलोने वाढलं आहे. जेवताना तो त्याच्या गुडघ्याबद्दल बोलतो. आता त्याचा दुसरा गुडघाही दुखायला लागला आहे, त्यामुळे जेवण लांबतं. माणूस चांगला आहे. माझी तक्रार नाही.

आता मुख्य गोष्ट. तू रागावशील, पण न सांगता जाणं मला बरं वाटत नाही.

त्या दिवशी किनाऱ्यावर तू पुढे झालीस तेव्हा मी तुझ्या मागेच उभा होतो. तू बोललीस त्याच वेळी मीही मनात एक गोष्ट कबूल केली. "मी लिस्बनला जाऊन येईन," असं म्हटलं. कावळा आला. मी मोठ्याने बोललो नाही, कारण भटजींसमोर लिस्बन हा शब्द तोंडातून निघेना.

अनुजाने तीस वर्षं मुलांना शिकवलं की वास्को द गामा लिस्बनहून निघाला आणि आपल्या किनाऱ्याला लागला. ती म्हणायची, "तो बोलावणं नसताना इथवर आला. आपण निदान तिकीट काढून जाऊया. तो निघाला ती जागा एकदा बघू." माझ्यासाठी ते गाव म्हणजे फळ्यावरचं नाव होतं. तिच्यासाठी नव्हतं.

तेव्हा कावळा तुझ्या शब्दाला आला की माझ्या, हे मला ठरवता येत नाही. तुझा पाळावा तर माझा मोडतो, माझा पाळावा तर तुझा. ऑफिसात असतो तर फाइल वर अभिप्रायासाठी पाठवली असती. इथे वर कोणाला पाठवणार?

तुझा,
गुरुप्रसाद


कुणकेश्वर
२३ डिसेंबर

चि. गुरू यास आशीर्वाद.

फाइल मी भटजींकडे नेली. त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "सत्यवतीबाई, कावळो काय पावती देता? दोघांचाय खरा धरा आणि माका जेवूक जाऊ द्या."

मग दोघांचे खरे कसे धरायचे, ते मी आणि पूजाने बसून काढले. तिकडचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. मी दुपारी साडेबाराला जेवते, तेव्हा तुझ्याकडे सकाळचे सात. मी रात्री आठला जेवते, तेव्हा तुझ्याकडे दुपारचे अडीच. बरोबर त्या वेळेला पूजा फोनवर तुझे तोंड लावून माझ्यापुढे उभे करील. तूही माझे तोंड समोर ठेव. मला ऐकू येत नाही आणि तुला बोलायला नको. तू जेव, मी जेवते. झाले. तू लिस्बनात आणि एकटाही नाहीस.

सकाळी सातला भात जात नाही असे लिहू नकोस. जाता. पेजेची सवय आसा आपणाक.

सुकट बांधून दिली आहे. विश्वेशाची टोपी मागून घेऊन जा, तेका आता तिचो काय उपेग?

तुझी आक्का


लिस्बन
बुधवार, १५ जानेवारी २०२५

ती. आक्कास सा. न.

हे कागदावर लिहून त्याचा फोटो पूजाच्या फोनवर पाठवतो आहे. सुकट विमानातून आणता येत नाही, म्हणून विश्वेशला दिली. मसाला, कोकम आणि तांदूळ आणले आहेत.

आज सकाळी सहाला उठलो. बाहेर काळोख होता. इथे आठला उजाडतं. भात आणि डाळ केली. सातला तुझ्यासमोर दुपारचं जेवलो. मग दिवस उजाडला. फिरायला गेलो. दोन वाजता धावत परत आलो, चार मजले चढलो, अडीचला तुझ्यासमोर रात्रीचं जेवलो. त्यानंतर करायला काही उरलं नाही. सहाला भूक लागली, पण तुझ्याकडे साडेअकरा वाजले असतील म्हणून पाणी पिऊन बसलो.

शहर सुंदर आहे. सगळं चढउताराचं, घरांवर आपल्यासारखीच लाल कौलं. आपण न्हाणीघरात लावतो तशा फरश्या इथे घराच्या बाहेरच्या भिंतींना लावतात, निळ्या, चित्रांच्या. रस्त्याकडेच्या झाडांना संत्री लागलेली आहेत आणि कोणी तोडत नाही. खाली नदी आहे, ती समुद्राला मिळते तिथे विजयदुर्गच्या खाडीपेक्षा कितीतरी रुंद. पाऊस येऊन-जाऊन असतो, तरी लोक कपडे खिडकीबाहेरच वाळत घालतात. खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी आहे. स्वस्त का मिळाली ते आता कळलं. मी टोपी घालूनच झोपतो. विश्वेशला सांग.

बाजारात बांगडे मिळाले. मी कल्ले उघडून पाहिले, तेव्हा मासेवाली काहीतरी ओरडली, मग हसली आणि तो बांगडा ठेवून देऊन खालचा ताजा काढून दिला.

घरमालकीण दोना लुर्देस, म्हणजे लुर्देसबाई, म्हणून आहेत, सत्तरीच्या. त्या फोनमध्ये बोलतात आणि फोन ते मराठीत सांगतो. काल त्यांनी विचारलं, "तुमचा उपवास किती दिवसांचा आहे?" मी संध्याकाळी काही खात नाही म्हणून त्यांनी विचारलं असावं. मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. पटलं नाहीसं वाटलं.

तुझा,
गुरुप्रसाद


कुणकेश्वर
१७ जानेवारी

गुरू,

आशीर्वाद मागाहून. आधी एक सांग. आज रात्रीच्या जेवणाला माझ्या तोंडापुढे मेणबत्ती कित्याक लावलेली होती? माका फोनात स्पष्ट दिसली. बाजूक फुलाय होती. ती म्हातारी मागसून इली, माझ्याकडे बघून कपाळाक, छातीक हात लावल्यान आणि उलट्या पावलांनी गेली.

मेल्या, मी जिवंत आसंय! तुझ्यासमोर मासो खातंय! तुका दिसत नाय?

पूजा हसून हसून खोलीबाहेर गेली. माझो झील अजय म्हणता, "आये, तुझो थंय उत्सव सुरू झालो, आता नवस बोलतले." तेका काय जाता बोलूक.

आणि तुझा भात कच्चा होता. चावताना दिसत होते.

आक्का


लिस्बन
१७ जानेवारी

ती. आक्कास सा. न.

मेणबत्तीबद्दल माफ कर. चौकशी केली. लुर्देसबाई रोज स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. पहाटेच्या काळोखात एक माणूस टोपी घालून भात घेऊन बसतो, समोर तेलाच्या बाटलीला टेकवलेल्या चौकटीत एक वृद्ध बाई असते, दोघं एक अक्षर बोलत नाहीत, आणि जेवण झाल्यावर माणूस तिला हात जोडतो. त्यांना वाटलं ही आमची प्रार्थना आहे आणि तू कोणी संत आहेस. उपवासाचाही त्यांनी त्याच्याशी मेळ लावला.

मी फोनमध्ये बोललो, "ती माझी मोठी बहीण आहे. ती मला जेवताना बघते." फोनने ते त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिथून? रोज?" मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा क्रूसाची खूण केली.

मेणबत्ती काढली आहे. फुलं त्यांनी ठेवलीच.

तुझा,
गुरुप्रसाद


कुणकेश्वर
१९ जानेवारी, सकाळ

गुरू,

काल आठ वाजता ताट वाढून बसलंय. सवाआठ झाले. पूजान सहा वेळा फोन लावल्यान. नऊ झाले. साडेनऊ झाले. फोन बंद.

त्या चढावरून पडलंस काय? आजारी आसंस काय? विश्वेशाक विचारूक लावलंय, तो म्हणता माका काय म्हायत, माझो गुडघो.

सकाळी पूजान दाखवल्यान, तुका धाडलेल्या मेसेजाक दोन निळे दांडे इले. म्हणजे जिवंत आसंस. मगे इलंस कित्याक नाय?

मी काल जेवलंय नाय. दोन ओळी तरी लिव.

आक्का


लिस्बन
रविवार, १९ जानेवारी

ती. आक्कास सा. न.

पडलो नाही. आजारी नाही. फोन मी बंद केला होता. तू उपाशी राहिलीस हे वाचून वाईट वाटलं.

काल सकाळी सातला तुझ्यासमोर जेवल्यावर ट्रामने बेलेंला गेलो. जहाजं निघाली ती जागा तिथे आहे, नदीच्या काठाला. वास्को द गामाची कबर जवळच्या चर्चमध्ये आहे. दगडात कोरलेला, हात जोडून निजलेला. अनुजा असती तर त्याला दोन शब्द सुनावले असते. मी पाहिलं आणि बाहेर आलो.

मग काठावर एका बाकावर बसलो. शब्द पाळला होता. आता तिला काहीतरी सांगायला हवं असं वाटत होतं. थंडी होती, ऊन होतं. एक वाजता उठायचं ठरवलं होतं, म्हणजे अडीचला तुझ्यासमोर बसता आलं असतं. एकला गजर वाजला. मी तो बंद केला, आणि मग फोनच बंद केला. का केला ते तेव्हा कळलं नाही.

आक्का, मी दहा महिन्यांत रडलो नव्हतो. लोकांना वाटलं घट्ट आहे. घट्ट नव्हतो. वेळ मिळाला नाही. बाराव्यापर्यंत घर भरलेलं होतं आणि तेराव्या दिवसापासून समोर विश्वेश. दुपारी विश्वेश, रात्री विश्वेश. घास घेताना तिची आठवण यायची, आणि तो म्हणायचा, "गुरू, ह्या वाटीत हाड सरकता तसा वाटता बघ." माणसाने काय करावं? मी गुडघ्याबद्दल विचारायचो.

काल बाकावर दोन तास रडलो. एक कुत्रा येऊन बसला होता, तो काही बोलला नाही. मग एका दुकानात उभ्याने मैद्याच्या पारीत दूध-अंडं घालून भाजलेली गोड वाटी खाल्ली, गरम, वर दालचिनी. दुसरी खाल्ली. एकट्याने खाल्ली. तुझा शब्द मी मोडला.

तुला हवं तर आजपासून पुन्हा अडीचला बसेन. पण तुला खोटं सांगता येत नाही. मला तिथे बरं वाटलं.

तुझा,
गुरुप्रसाद


कुणकेश्वर
२० जानेवारी

चि. गुरू यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पूजाने मोठे करून दाखवले. मी ते एकटीने वाचले. तिला म्हटले, तू जा, पाणी भर.

आता मी सांगते ते वाच आणि फाडून टाक. फोटो फाडता येत नाय, तर पूस.

अनुजाच्या माहेरचा शिरवाळे, तांदळाच्या शेवया, पाडायचा साचा होता, फणसाच्या लाकडाचा, पितळी चकतीचा. अजय-पूजाच्या लग्नात मी तो मागून आणला. तसला साचा पुऱ्या तालुक्यात नाही. पहिल्या वर्षी ती म्हणाली, "आक्का, साचा तुमच्याकडे राहिला का हो?" मी म्हटले, "गो, दिला ना तुला, तूच कुठे ठेवला असशील." एकदा बोलले आणि अडकले. अकरा वर्षे ती आपल्याच माळ्यावर शोधीत होती. तो माझ्या तांदळाच्या पिंपामागे.

त्या दिवशी मी मोठ्याने शब्द दिला, तेव्हा कावळा आलाच नव्हता. आठव नीट. माडावरून खाली उतरला, दोन पावले आला आणि थांबला. माझ्याकडे बघत होता. माका घाम फुटलो. मग मी मनात म्हटलंय, "अनुजा, साचो तुझ्या घराक पोचवतंय." तेव्हा शिवलो.

आणि साचा अजून इथेच आहे. कोणत्या तोंडाने आणून देऊ? म्हणान तो मोठो शब्द मी एवढो घट्ट धरलंय. सगळ्यांनी ऐकलेलो शब्द पाळूक सोपो. मनातलो पाळूक लाज वाटता.

दुसरे म्हणजे, इथे अजय-पूजा दहाला जेवतात, टीव्हीसमोर. मला तेवढा वेळ धीर नाही. तुझे भावजी गेल्यापासून आठला मी आणि ताट. हे पाच दिवस तू समोर होतास, कच्चा भात चावत. मला बरे वाटत होते. ते तुझ्यासाठी नव्हते, हे परवा उपाशी बसले तेव्हा कळले.

आता तू भूक लागेल तेव्हा जेव. एकटा जेव नाहीतर त्या म्हातारीबरोबर जेव. माझ्याकडून सुटलास. विश्वेशालाही आजच चिठ्ठी धाडली, की तुझे काम संपले, स्वतःच्या घरी जेव. त्याच्या बायकोचा निरोप आला, "आक्कांनू, आमका एवढे दिवस बरी उसंत होती."

साचा शिवाकडे डब्यातून पाठवायचा नाही, मी स्वतः आणून देणार. किंवा तू ये. मला रागाव.

तुझी आक्का


लिस्बन
सोमवार, २० जानेवारी

ती. आक्कास सा. न.

फोटो पुसला.

साच्याबद्दल मी रागावलो नाही. एक गोष्ट तुला माहीत नाही ती लिहितो. साचा तुझ्याकडे आहे हे अनुजाला ठाऊक होतं. गणपतीला तुझ्याकडे आलो असताना तांदूळ काढायला गेली तेव्हा तिने पाहिला होता. मला म्हणाली, "बोलू नका. दरवर्षी विचारलं की आक्का घाबरून मला दुप्पट शिरवाळे बांधून देतात." म्हणून ती दरवर्षी विचारायची. माळ्यावर तिने कधीच शोधला नाही.

तेव्हा कावळा कोणाच्या शब्दाला आला हे आता कोणीच सांगू शकत नाही. तो किनारा माशांचा. कदाचित त्याला तेव्हाच भूक लागली असेल. मी हे भटजींना सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

परत आलो की शनिवारी कुणकेश्वरला येतो. आठ वाजता जेवायला असेन. त्यानंतरही दर शनिवारी येईन, पण बाकीचे दिवस मी माझ्या घरी माझा मी जेवेन. साचा तुझ्याकडेच राहू दे. माझ्याकडे शिरवाळे पाडणार कोण?

आज दुपारी काही खाल्लं नाही, कारण भूक नव्हती. संध्याकाळी नदीच्या बाजूने चालत आलो. लुर्देसबाई बहिणीकडे गेल्या होत्या. बाजारातून दोन बांगडे आणले होते, ते साफ केले. मसाला, कोकम लावून ठेवले. भात टाकला आणि यावेळी नीट शिजू दिला. आठ वाजून गेल्यावर, इथले लोक जेवतात त्या वेळेला, टेबलावर एक ताट मांडलं. समोरची खुर्ची रिकामी होती. ती मी हलवली नाही.

जेवायला बसलो. मध्ये थोडा वेळ थांबावं लागलं. डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा जेवायला लागलो. घाई नव्हती. पहिला बांगडा संपला तेव्हा लक्षात आलं की मीठ कमी आहे. उठलो, मीठ घेतलं, आणि आणखी थोडा भात वाढून घेतला.

तुझा,
गुरू